तीन तासांपुरत्या भाकरी

एरवी मी प्रवासात कुणाचं काही खात नाही. पण नाशिकहून मुंबईला निघालेल्या एसटीत हरसूलची एक बाई शेजारी बसली होती. तिच्या पलीकडे बसलेला तिचा मुलगा सातपूरचा कारखाना सोडून दोन वर्षांच्या करारावर मस्कतला चालला होता. तिच्या मांडीवर आठवडाभर पुरतील एवढ्या भाकरींचं गाठोडं होतं.

"भाऊ, मुंबईवरून मस्कतला विमान किती दिसांत जातं?"

"दिवस कसले? तीन तास."

"तेवढं तर आम्हाला नाशकाला यायला लागतं!" तिचा चेहरा उजळला. ती मुलाकडे वळली. "मंग पोळ्याला येशील ना रं?"

"येईन, आई."

तिने गाठोडं सोडून निम्म्या भाकरी माझ्या हातात ठेवल्या. "घ्या. तीन तासाला एवढ्या कशाला?"

मुलगा त्या भाकरींकडे बघत राहिला.