बटरफ्लायचे तीन तुकडे

लोणावळ्यात माझी चिक्कीची भट्टी आहे. दुसऱ्याच्या भट्टीवर शेंगदाणे निवडण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे घासाघीस करताना मी कुणाला ऐकत नाही. पण एका इंग्रजी बालवाडीच्या मोठ्या बाईंपुढे माझं काही चाललं नाही.

बायकोने लग्नानंतर बालवाडीचा कोर्स केला. इंग्रजी शाळेत शिकवायचं, एवढीच तिची इच्छा. त्या बाईंनी तिला मुलाखतीतून परत पाठवलं. "बटरफ्लायचे तिन्ही तुकडे तुम्ही सारख्याच वजनाने म्हणता. जोर पहिल्यावर हवा. आठ दिवसांनी या."

मी भडकलो. "एवढ्यावरून परत पाठवायचं? मी जाऊन बघतोच!"

"तुम्ही कुठंही जायचं न्हाई," ती म्हणाली. "बाईंचं बरोबर आहे."

मग ती रोज माझ्या ओट्यापाशी उभी राहून घोकायची. बट, र, फ्लाय. तिन्ही सपाट. चौथ्या दिवशी मी गरम चिक्की लाटत होतो. पहिला हात अंगातलं बळ लावून मारायचा, कारण गोळा जाड असतो. पुढचे हलके, नाहीतर दाणा फुटतो. मी लाटणं तिच्याकडे दिलं. "आता म्हण."

पहिल्या हाताला 'बट' दाबून निघालं, 'र' नुसता सरकला, 'फ्लाय' हलकं पुढं गेलं. तिला इतका आनंद झाला की ती लाटतच राहिली. चिक्कीचा पापड झाला. अख्खा घाणा वाया गेला आणि मी चक्क ओरडलो नाही.

आठव्या दिवशी मी वर्गाच्या खिडकीबाहेर उभा होतो. आत मोठ्या बाईंसमोर तिने पोरांना 'बटरफ्लाय' म्हणून दाखवलं, पण हातांना सवय लागलेली. खांद्यातून वाकून ती हवेतच लाटायला लागली. मी कपाळावर हात मारला. पोरं मात्र उठली आणि तिच्यासारखीच लाटत ओरडायला लागली.

बाई हसल्या. "हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात?"

"आमच्या भट्टीवर," ती म्हणाली.

"सोमवारपासून या. दोन महिने बघू."

मी खिडकीतूनच म्हणालो, "दोन कशाला? एकच ठेवा!"

"अहो, हितं भाव करू नका!" ती आतून ओरडली.

दोन महिने मी तिला स्कूटरवरून फाटकाशी सोडत राहिलो. मग ती कायम झाली. मोठ्या बाई फाटकात दिसल्या की मी अजून नजर चुकवून स्कूटरच्या आरशात केस नीट करत बसतो. नमस्कार तीच करते, दोघांच्या वतीने.