त्याच्या तारा

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघे होतो आणि चौघांत मिळून खरा हात एकाचाच होता. तो लीड गिटार वाजवायचा. उरण रस्त्यावरच्या गावातला आगरी मुलगा, घरचं पिढ्यानपिढ्यांचं मिठागर. मी पनवेल शहरातला, ऱ्हिदम गिटारवर, आणि वाजवण्यापेक्षा शिस्त लावण्यात माझा जीव जास्त. त्या वर्षांत भारनियमन जोरात होतं, त्यामुळे वीज कधी जाणार ते बघून आमचा सराव ठरायचा. त्याच्या घराला लागून एक रिकामा गाळा होता. तिथे शटर अर्धं ओढून आम्ही इंग्रजी गाणी बडवायचो आणि त्याची आई मधूनच चहा घेऊन वाकून आत यायची. गणपतीत कुठे स्टेज मिळालं, तर लोक हळदीची गाणी मागत. मी नाक मुरडायचो, तो हसत वाजवायचा, आणि टाळ्या त्यालाच पडायच्या. मी जळायचो त्याच्यावर, हे आता कबूल करायला काय हरकत आहे?

त्याच्या हाताला घाम फार. नव्या तारा चढवल्या की आठवड्याभरात काळ्या पडून गंजायच्या. वाजवून झालं की तारा पुसून ठेव, हे मी त्याला शंभरदा सांगितलं असेल, त्याच्या आईसमोरही. वर म्हणायचो, मिठागरवाला तू, तुझ्या अंगातच मीठ. तो खुशाल गिटार भिंतीला टेकवून निघून जायचा. त्याने तारा एकदाही पुसल्या नाहीत.

डेंग्यूच्या तापाने तो आठ दिवसांत गेला. चोवीस वर्षांचा होता. त्यानंतर ते शटर आम्ही कुणी उघडलं नाही.

तीन-चार महिन्यांनी त्याचे वडील गिटार चादरीत गुंडाळून माझ्या घरी आले. त्याची आई दिवसदिवस ती मांडीवर घेऊन बसते, जेवणाखाण्याची शुद्ध नाही, तेव्हा चांगला माणूस बघून विकून टाक, म्हणाले. चहालाही थांबले नाहीत.

गिटार विकायची म्हणजे आधी काय करायचं, हे कुठल्याही वाजवणाऱ्याला पाठ असतं. मीही तेच केलं. जुन्या तारा कापून काढल्या, बोटं फिरतात त्या पट्टीवरचा मळ खरवडला, लाकडाला तेलाचा हात दिला, नव्या तारा चढवल्या. कापलेल्या तारा कागदात गुंडाळून सकाळच्या घंटागाडीत टाकल्या. गिटार इतकी स्वच्छ तो असताना कधीच नव्हती आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. नेटवरची जाहिरात पाहून विचुंब्याच्या नव्या वसाहतीतली एक कॉलेजची मुलगी आली. ती हळुवार हाताने वाजवत होती, म्हणून तिला दिली.

पैसे द्यायला गेलो तेव्हा त्याचे वडील ओट्यावर बसले होते. पाकीट त्यांनी न बघताच बाजूला ठेवलं.

"गिटार जाऊ दे बोलली त्याची आई," ते म्हणाले. "तारा तेवढ्या मागतेय. त्याच्या हाताचा घाम हाय ना त्यांच्यावर. त्याचा शर्ट पन तिनं अजून धुतला नाय."

तारा फेकल्या, हे त्याच क्षणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी घरी आहेत, आणून देतो, असं बोलून गेलो.

घरी आलो आणि माझ्या गिटारच्या तारा काढल्या. ताटात मिठाचं पाणी केलं, त्यात भिजवून दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवल्या. छान गंजल्या. लाज वाटत होती, तरी मी त्या उलटसुलट करून नीट बघत होतो.

त्याच्या आईने तारा मांडीवर घेतल्या. एक सरळ केली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवला. मग दुसरी.

"तो जिथं दाबायचा तिथंच गंज व्हता," ती म्हणाली. "यांना सगळीकडं हाय. तुज्या काय या?"

मी होकारार्थी मान हलवली. मग सगळं सांगितलं, पुसणं, कापणं, घंटागाडी, मिठाचं पाणी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रडलो मीच. तिने शांतपणे तारांचं वेटोळं केलं आणि आत जाऊन कपाटात त्याच्या शर्टावर ठेवलं.

"तुज्या तर तुज्या," बाहेर येत म्हणाली. "तू पन त्याच्या बाजूलाच बसून वाजवायचास."

तिच्या बोटांना तांबडा गंज लागला होता. मी सवयीने खिशातून रुमाल काढून पुढे केला. तिने हात मागे घेतला.

"आता तरी पुसायला सांगू नको, बाला."

मी रुमाल परत खिशात ठेवला.