सावंत काकांचा रिकॉइल

सावंत काका गेले तेव्हा मी गेम जिंकत होतो.

वर्षभर मला हेच वाटत होतं. आज दुपारपासून नाही वाटत.

म्हणून लिहितोय. मी कधी पोस्ट टाकत नाही. काही चुकलं तर समजून घ्या.

काका आमच्याच बिल्डिंगमध्ये, मरोळला. ते तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या माळ्यावर. आयुष्यभर त्यांनी मोटर वाइंडिंग केलं. मोटर जळून आली की आतली तांब्याच्या तारेची कॉइल काढायची, नवीन भरायची. मग गुडघे गेले आणि ते घरी बसले.

मी नववीत शाळा सोडली. वर्गात उभं राहून वाचायला सांगायचे, माझा आवाजच निघायचा नाही.
मग मी पण घरी.

नेट चांगलं यायचं म्हणून मी त्यांच्या दाराच्या पायरीवर बसून गेम खेळायचो. एक दिवस ते मागून बघत होते. बोलायचे मालवणीतच.

"झिला, गोळ्यो आभाळात कित्याक मारतंस?"
"काका, रिकॉइल आहे."
"रि-कॉइल? म्हणजे कॉइल परत भरूची?"

मी हसलो. खूप दिवसांनी.

मग त्यांना समजावलं. फायर दाबून ठेवलं की बंदूक आपोआप वर वर जाते. म्हणून अंगठ्याने स्क्रीन खाली ओढत राहायचं. मी घाबरून एकदम जोरात ओढायचो. पहिल्या तीन गोळ्या वर, बाकी सगळ्या जमिनीत. समोरचा आरामात मला मारून जायचा.

काका माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"ओढू नको रे. ताण ठेव. तार ओढलंस तर तुटता, ढिली सोडलंस तर कॉइल फुगता. किती ता बोटाक कळता."

इतके व्हिडिओ बघितले होते मी. असं कोणीच सांगितलं नव्हतं.
आठ दिवसांत माझ्या गोळ्या एका जागी बसायला लागल्या.

मग काकांनी पोरीचा जुना फोन मागून घेतला आणि तेच खेळायला लागले. ते खाली पलंगावर, मी वर आमच्या खिडकीत, नेट अडकलं तरी. कानात इयरफोन.

मी माइक कधीच ऑन करायचो नाही. टीममधली पोरं मला मुका बोलायची. काकांनी पहिल्याच मॅचला विचारलं, "तोंडात गुळणी धरलंस काय?"

केला ऑन.

काका सारखे मरायचे. मेले की ओरडायचे, "मेलंय, मेलंय."
एक दिवस काकू चिडल्या. मला इयरफोनमध्ये सगळं ऐकू येत होतं. "तिन्हीसांजेक घरात मेलंय मेलंय काय करतात ओ? दुसरा कायतरी बोला."

काका शहाणे. तेव्हापासून गेममध्ये मेले की बोलायचे, "जेवूक बसलंय."
म्हणजे जेवायला बसलो.

मग मी पण तेच. टीममध्ये दोन हिंदी पोरं होती, ती पण. "अरे भाई, मैं तो जेवूक बसलंय."

त्या दिवशी दुपार होती. समोरचे दोघेच उरलेले. इकडे मी आणि काका.

कानात काकांचा आवाज आला, "झिला, जेवूक बसलंय."

मी स्क्रीनवर बघितलं तर काका भिंतीमागे उभे. हेल्थ फुल.
"काका, कुठे मेलात? उभे आहात ना."
काही नाही.

तेवढ्यात ते दोघे आले. मी फायर दाबला. ताण ठेवला. एकाच मॅगझिनमध्ये दोघं आडवे. एवढं साफ मला आधी कधीच जमलं नव्हतं.

मी घरात उडी मारून ओरडलो, "काका, बघितलं का?"

परत काही नाही. वाटलं, नेट गेलं असेल. फोन चार्जिंगला लावला आणि झोपलो.

चार वाजता आईने हलवून उठवलं. खाली रडारड चालली होती. डॉक्टर बोलले, हार्ट.

माझी वाटच लागली. आमच्या भाषेत 'जेवूक बसलंय' म्हणजे मेलो. म्हणजे काका मला सांगत होते. आणि मी काय केलं, तर मॅच जिंकली. दोन माळे उतरायला कितीसा वेळ लागतो.

कोणाला बोललो नाही. गेम डिलीट केला. त्यांच्या दारावरून जाताना आवाज नको म्हणून चपला हातात घ्यायचो.

आज वर्षश्राद्ध होतं. आईने जबरदस्ती पाठवलं. काकूंनी वाढलं, माझा हात पानाला लागेना.

"काय रे, जेवत कित्याक नाय?"

माहीत नाही कसं, पण बोललो. अडकत अडकत सगळं बोललो. "काकू, काका शेवटचं मला जेवूक बसलंय बोलले. मी आलो नाही."

काकूंनी हातातलं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"अरे मेल्या, ते खरोखरच जेवूक बसलेले."

मला कळेचना.

"मीच तीनदा हाक मारलंय. तेव्हा खय फोन टेबलार ठेवल्यानी. दोनदा भात घेतल्यानी, सोलकढी प्यायले. मगे वायच पडतंय म्हणाले. ते उठलेच नाय."

मग काकू थोड्या हसल्या.

"जेवताना वरसून तुझी बोंब ऐकू इली. हातातलो घास तसोच धरून हसले. म्हणाले, जमला पोराक."

मी तिथेच रडलो. सगळ्यांसमोर. लाज नाही वाटली.

काकूंनी डोक्यावर टपली मारली. "वर्षभर विचारूक काय झाला होता?" आणि परत भात वाढला. मी पोटभर जेवलो.

काका, मी आज जाम हलका झालोय. श्राद्धाच्या दिवशी असं बोलतात का, माहीत नाही.

भावपूर्ण वगैरे शब्द मला जमत नाहीत. ही माझी साधी श्रद्धांजली.
आणि सॉरी. विचारायला एक वर्ष लावलं.