हाउसबोटीचं चाक आणि तीनदा वाजलेला भोंगा

केरळात आलप्पुळ्याला हाउसबोटीवर जायचं सेतुमाधवांनी ठरवलं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सेतुमाधव म्हणजे माझे यजमान. मी मूळची साताऱ्याची, पण लग्नानंतरची एकतीस वर्षं कुंभकोणमला गेली. यांचं घराणं तंजावरच्या मराठी राजवटीत इकडे आलेलं. त्यामुळे घरात अजूनही जुन्या वळणाची मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. यांची नोकरीही पाटबंधारे खात्यात झाली, कावेरीच्या कालव्यांवर.

"काय भ्यायचें त्यांत? पाणी मी जन्मभर मोजिलें आहे," ते म्हणाले.

मला पोहता येत नाही. मी रात्र रात्र मोबाइलवर बोटींची माहिती वाचली आणि वहीत प्रश्न लिहून ठेवले. परवाना आहे का, लाइफ जॅकेट किती, गॅस कुठे ठेवतात, मुक्कामाला कुठे बांधतात? तुम्ही जाणार असाल तर हेच चार प्रश्न बुकिंगच्या आधी फोनवर विचारा. एका खोलीच्या बोटीला आम्हाला जेवणाखाणासकट नऊ हजार पडले, तेही आडवारी. शनिवार-रविवारी भाव चढतो.

पहाटे पाचला गाडी काढली. तंजावर, तिरुची, दिंडीगल, तेनी असा रस्ता. दिंडीगलपर्यंत एकदम झकास, टोल मात्र बरेच. तेनीच्या अलीकडे इडली-पोंगल खाल्लं, कॉफी प्यायलो. पायथ्याच्या लोअर कॅम्पनंतर कुमळीचा घाट लागला. मागून एक जीप सारखी हॉर्न देत होती. हे रस्त्याच्या मधूनच चाललेले, बाजूला व्हायचं नाव नाही.

"अहो, जाऊ द्या ना त्याला!" मी ओरडले, तेव्हा कुठे गाडी कडेला घेतली.

हट्टी माणूस, असं मनात म्हणत मी कुमळीपर्यंत तोंड फिरवून बसले. गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. मी काही बोलावं आणि यांनी उत्तरच देऊ नये. रिटायर झाल्यावर पुरुष असे होतात म्हणे.

कुमळीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कोट्टयममार्गे अकराला आलप्पुळ्याला पोहोचलो. गाडी बोटवाल्याच्या आवारात ठेवली. बाराला बोटीवर पाऊल टाकलं. मी आधी लाइफ जॅकेट मोजली (सहा होती), मग परवान्याचा कागद बघितला. बोटचालक जोमोन, पन्नाशीचा, तमिळ छान बोलणारा. मला चेची, म्हणजे ताई, म्हणत तो हसला. "चेची, इतकं तर आमचे इन्स्पेक्टरही बघत नाहीत."

सोबत एक स्वयंपाकी होता. त्याने केळीच्या पानावर जाडा लाल भात, अवियल, अननसाची पच्चडी वाढली. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच कळवा, नाहीतर मासे आणून ठेवलेले असतात.

जेवणानंतर हे जोमोनच्या शेजारी जाऊन बसले ते उठेचनात. बोटीला ब्रेक नसतो, हे मला तिथे कळलं. थांबायचं तर इंजिन उलटं चालवायचं, आणि तरीही बोट आपल्या गतीने थोडी पुढे जातेच. चाक फिरवलं की बोट लगेच वळत नाही, दोन-चार श्वास थांबून वळते. म्हणून वळण यायच्या आधीच चाक वळवायचं आणि बोटीचं नाक पुरतं वळायच्या आत ते सरळ करायला घ्यायचं. काठावर बायका धुणं धूत असल्या तर वेग उतरवायचा, नाहीतर लाटेने बादल्या वाहून जातात. कालव्याच्या तोंडाशी एक लांब भोंगा द्यायचा आणि समोरून भोंगा आला तर थांबायचं.

"वाटेत जलपर्णी दिसली की मी सगळ्यात जास्त घाबरतो," जोमोन म्हणाला. "पाण्याखालच्या पंख्यात अडकली की बोट लुळी पडते."

मोकळ्या तलावात आल्यावर यांनी चाक मागितलं. खरं तर परवाना नसलेल्याच्या हाती चाक द्यायचं नसतं. पण जोमोनने दिलं. यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. मी यांच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसले आणि पहिल्यांदाच बोटीचा कठडा सोडला.

चारच्या सुमाराला मागे इंजिन घरघरलं. पंख्यात जलपर्णी आली होती. जोमोन उठला. "सार, सरळ ठेवा. भोंगा आला तर मला हाक मारा," म्हणत मागे गेला. थोड्या वेळाने इंजिन मोकळं झालं आणि बोट पुढे सरकली. उजवीकडे कालव्याचं तोंड होतं, नारळांनी झाकलेलं.

तिथून भोंगा वाजला. मी यांच्याकडे बघितलं. हे समोर बघत होते. पुन्हा वाजला.

"अहो, भोंगा!"

यांची नजर हलली नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नारळांमागून प्रवासी बोटीचं नाक बाहेर आलं होतं. मी उठून यांचा खांदा हलवला. हे दचकून माझ्याकडे बघायला लागले, चाक तसंच. मागून जोमोन धावत आला, यांना जवळजवळ ढकलून त्याने चाक गरगर फिरवलं आणि इंजिन उलटं टाकलं. बोट थांबेना. समोरच्या बोटीतली माणसं उभी राहिली, एका बाईने मुलाला छातीशी ओढलं. ती बोट आमच्या नाकापुढून दोन-तीन हातांवरून गेली. तिच्या लाटेने आमचे चहाचे कप खाली पडले.

"सार, तीन वेळा वाजवला त्याने! तीन वेळा!" जोमोन ओरडला.

"मला ऐकूं आलें नाही," हे म्हणाले.

आणि मला घाटातली जीप आठवली.

बोटी साडेपाचला काठाला बांधतात, कारण नंतर कोळी जाळी टाकतात. आमचीही बांधली. जोमोन माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चेची, चूक माझी आहे. मालकाला कळलं तर परवाना जाईल." मी सांगणार नाही म्हटलं. इथेही बोटीचं नाव लिहीत नाही. तुम्ही मात्र चाक मागू नका.

मी यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. "कधीपासून?"

"उजवा कान वर्षापासून गेला. डावा अर्धा आहे."

"बोलला का नाहीत?"

आमची लेक रुक्मिणी शेजारच्याच गल्लीत राहते. तिच्या मुलीला, मीराला, रोज स्कूटरवरून शाळेत हेच नेतात. "बोलिलों असतों तर मीराला माझ्यासवें धाडिलें असतें?" हे म्हणाले. "दिवसांत तेवढेंच एक काम आहे मला."

मला संताप आला आणि रडूही आलं. स्कूटरवर पुढे उभी राहणारी सहा वर्षांची पोर डोळ्यांपुढून हलेना. जेवण गेलं नाही.

सकाळी नऊला बोट धक्क्याला लागली. मी गाडीची किल्ली मागितली. बारा वर्षांत मी गावाबाहेर गाडी चालवली नव्हती. हे किल्ली देऊन डावीकडे जाऊन बसले, म्हणजे आता बहिरा कान माझ्याकडे. मी हातवारे करायचे, हे आरसे बघायचे. "मागें लॉरी. जाऊं दे तिला." घाटात माझी पाठ घामाने भिजली, दोनदा गाडी बंद पडली. आम्ही कुमळीत मुक्काम केला आणि दुसऱ्या संध्याकाळी कुंभकोणमला पोहोचलो. तुम्ही एवढा पल्ला गाठणार असाल तर गाडी चालवणारी दोन माणसं असू द्या.

घरी रुक्मिणी वाट बघत होती. यांनी चपलाही काढल्या नाहीत. "रुक्मिणी, मला ऐकूं येत नाही. मीराला स्कूटरवर बसवूं नको."

ती आधी माझ्याकडे वळली. "अम्मा, तुला ठाऊक होतें?"



पुढचं थोडक्यात सांगते. डाव्या कानाला यंत्र बसलं, उजव्याला इलाज नाही. स्कूटर विकली. मीराला हे आता चालत नेतात, मोठा रस्ता टाळून, आणि त्यासाठी अर्धा तास आधी निघतात. हाउसबोटीवर जाऊ का, असं मला कुणी विचारलं तर मी जा म्हणते. पाणी सुंदर आहे, आणि माझ्या वहीतल्या एकाही भीतीने मला त्रास दिला नाही.

सलतं ते वेगळंच. वर्षभर मी यांच्यावर चिडले होते, आणि यांच्यासमोरच तोंडातल्या तोंडात नको ते बोलले होते. परवा धीर करून विचारलं, "त्यातलं किती ऐकलंत?"

यंत्र नीट बसवत हे म्हणाले, "ऐकिलें थोडेंच. पण तोंड दिसत होतें की तुझें."