आवाज सुनेत्राचा

सुमित्राबाईंनी मुलीला गाणं शिकवलं ते चारचौघांत कौतुक व्हावं म्हणून. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या थंडीत पेटी पुढ्यात ओढून त्या सुनेत्राला सूर लावायला बसवायच्या. भजन, नाट्यगीत, फार तर एखादी गझल. मुलगी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत गाईल, लोक वाहवा करतील आणि चांगलं स्थळ चालून येईल, इतका सरळ विचार. पोरीच्या मनात काय आहे, हे विचारायची आपल्याकडे पद्धत कुठे असते!

पोरीच्या मनात भलतंच होतं. हायस्कूलमधल्या मैत्रिणीबरोबर ती एकदा तिच्या चर्चमध्ये गेली. तिथली मंडळी टाळ्यांच्या ठेक्यावर जीव ओतून गात होती. सुनेत्रा ऐकत राहिली आणि तिथलीच झाली. घरी सांगायची, लायब्ररीत जाते. युनिव्हर्सिटीत गेल्यावर तर ती दर शनिवारी डेट्रॉइटच्या एका क्लबात सोल, म्हणजे त्या चर्चच्या गाण्यातूनच निघालेलं संगीत, गाऊ लागली. लोक टेबलं बडवून तिला पुन्हा गायला लावत.

घरी हे कळलं पंच्याऐंशी साली, तेही तिनेच सांगितलं म्हणून. एका छोट्या कंपनीला तिचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. सुमित्राबाईंचे डोळे पांढरे झाले. सुनेत्राचे वडील, गिरीशराव, अंगातला कोटही न काढता खुर्चीत बसून राहिले.

"क्लबात? दारू पितात तिथे?"

"आई, आय ओन्ली सिंग. मी पीत नाही."

रडारड झाली, अबोला झाला. शेवटी सुमित्राबाईंनीच तोड काढली. गायचं तर गा, पण कॅसेटवर नाव नको, फोटो नको, आणि कुणापाशी ब्र काढायचा नाही. अजून लग्न व्हायचंय. सुनेत्राने मान खाली घालून कंपनीशी तसा करार केला. कंपनीला काय, आयतंच सापडलं.

पुढच्या उन्हाळ्यात गाणं रेडिओवर लागलं. सुमित्राबाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि रेडिओ मोठा केला. लेकीचा आवाज! आपण इतकी वर्षं पेटी वाजवली, पण हा आवाज कधी ऐकलाच नाही, असं त्यांना वाटलं. गाणं संपलं आणि निवेदकाने भलत्याच बाईचं नाव घेतलं. दुकानात जाऊन पाहतात तर कॅसेटवर चमचमत्या कपड्यांतली कुणी अनोळखी तरुणी हसत होती. आठवड्याभराने तीच टीव्हीवर ओठ हलवत नाचली.

गाणं गाजलं. क्लबात सुनेत्राने तेच म्हटलं, तेव्हा लोक म्हणाले, नक्कल बरी करते. त्यानंतर ती क्लबात गेली नाही. बँकेत नोकरीला लागली.

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीत जेवणं झाल्यावर मुलांनी टेपवर तेच गाणं लावलं आणि नाच सुरू झाला.

"काय गळा आहे हो हिचा!" सीमाकाकू म्हणाल्या.

सुमित्राबाईंना राहवेना. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "ही माझी सुनेत्रा गातेय!"

एकच हशा पिकला. अनिल नावाचा एक विद्यार्थी कॅसेटचं कव्हर घेऊन आला. "काकू, फोटो बघा ना. ही तर अमेरिकन आहे यार!"

"अरे, खरंच सांगते! सुने, म्हणून दाखव ना गं. दोन ओळी म्हण."

सुनेत्रा हातातल्या पत्रावळी गोळा करता करता थांबली. "सॉरी काकू, आई गंमत करतेय," असं हसून म्हणाली, आणि आईच्या दंडाला धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"खोटं का बोललीस?" सुमित्राबाई रडकुंडीला आल्या होत्या. "लोकांना कळू दे की!"

"इट्स ओके, आई," सुनेत्रा अगदी मऊ आवाजात म्हणाली. तिच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता. "कुणाला कळू नये, असंच तुला हवं होतं ना? नाऊ नोबडी एव्हर विल."