बेसनाचा भंडारा

आधीच सांगतो. भूत, करणी, नजर असलं काय मानणारा मी माणूस न्हाई. तिसरीतनं शाळा सुटली, पण डोकं शाबूत हाय. चाळीस वर्षं नाटकाच्या सामानाचं काम केलं... तलवारी, पालख्या, कापडाचं मेलेलं मूलसुद्धा करून दिलंय. पडद्यामागं काय असतंय ते मला ठावं. तवा हे भ्यालेल्या माणसाचं लिहिणं न्हाई, एवढं धरून चाला. टाइप सूनबाई करतीया. एक शब्द बदलायचा न्हाई, असं तिला बजावलंय.

आमची कॉलनी रंकाळ्याच्या पलीकडं, शहर संपतंय तिथं. बारा वर्षांमागं तिथं भर दुपारी एका म्हातारीचा खून झाला. तिच्या घरी काम करणाऱ्या विमलला पोलिसांनी नेलं, आणि पुरावा न्हाई म्हणून सोडलं. कॉलनीनं मात्र सोडलं न्हाई. बिरोबाच्या देवळासमोर बैठक बसली. मी उठून म्हणालो, हिला मागच्या दारानं पळताना मी बघितलंय. कुणीतरी म्हणालं, "आबा, भंडारा उचलून सांगा." देवापुढची हळद मुठीत घेतली आणि सांगितलं. आमच्यात एकदा भंडारा उचलला की पुढं विचारायचं न्हाई.

त्यानंतर विमलला कुणी काम दिलं न्हाई, नळावर कुणी उभं केलं न्हाई. पोरीला घेऊन ती बिद्रीकडं भावाच्या घरी गेली आणि दुसऱ्या वर्षी तिथंच मेली. खून कुणी केला ते आजवर कळलं न्हाई.

ती पोरगी, सारिका, आता मोठी झालीया. गाणं शिकली. तिनं आणि तिच्या दोस्तांनी त्या खुनावर नाटक बसवलं. ऑपेरा म्हणत्यात त्याला. कुणी बोलतच न्हाई, शिव्यासुद्धा गाऊन. नावं बदललेली, कॉलनी तीच. आणि ही बया सामानासाठी माझ्याच दारात आली.

"आबा, सामान तुमीच बघायचं. दुसऱ्याला जमायचं न्हाई."

"कशाचं नाटक हाय ते कळतंय मला."

"कळू दे की. एवढंच सांगा, आईचं तोंड बघितलंसा का तुमी?"

"भंडारा उचललाय मी," म्हणालो. "आणि काय पाहिजे?"

तिनं सामानाची यादी पुढं केली. मी काम घेतलं. न्हाई म्हणालो असतो तर आबा भ्याला म्हणून गावभर झालं असतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. रंगमंचावर खरा भंडारा द्यायचा न्हाई. नाटकातली शपथ खऱ्या हळदीवर घ्यायची न्हाई. म्हणून बेसन. सकाळी सूनबाईनं भजी केली त्याच डब्यातलं बेसन मी पितळी वाटीत भरलं. वाटी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

रविवारी दुपारी चारचा प्रयोग. देवळासमोरच्या बैठकीचा प्रवेश आला. वीस-पंचवीस जण सारिकाला घेरून "तूच, तूच" गायला लागले. मी विंगेत पेटी उघडली, गुठळ्या हायत का बघायला मूठभर बेसन हातात चुरलं आणि वाटी नितीनकडं दिली. नितीन म्हणजे शिवाजी पेठेतलं पोरगं, साक्षीदाराचं काम त्याचं. माझं काम, असंच म्हणा. त्यानं मूठ भरली आणि गायला, "मी बघितलं..." शब्द माझेच हुते.

सारिका आईचं काम करत हुती. त्या जागी तिला गाणं न्हवतं. आईला तवा कुणी बोलू दिलं न्हाई, मग गाऊ कशाला, असं तिचं म्हणणं. ती नुसती बघायची. बघायचं हुतं नितीनकडं... पण तिनं बघितलं विंगेत. आणि मला हळदीचा वास आला. देवळातला असतोय तसा.

प्रयोग झाल्यावर मागच्या नळावर हात धुवायला गेलो. शेजारी नितीननं साबण लावला, त्याचा हात साफ निघाला. मग मी लावला. तळवा लालभडक झाला. हळदीला साबण लागला की लाल हुतं, हे घरातली पोरंसुद्धा सांगतील. पण बेसन?

मागं सारिका उभी हुती, तोंडावर रंग तसाच.

"आबा," ती म्हणाली, "बेसन लाल हुतंय व्हय?"

तिनं टॉवेल दिला आणि गेली.

घरी येऊन वाटीतलं उरलेलं बघितलं, डब्यातलं बघितलं. साबण लावला, काय न्हाई. "बेसनच हाय की मामा, डोळं तपासून घ्या," सूनबाई म्हणाली. कोण म्हणंल, दुकानदारानं हळद मिसळली असंल. बरं, मिसळली. मग नितीनचा हात? वाटी तर एकच हुती.

ह्याचं उत्तर माझ्याजवळ न्हाई. लई डोकं लावून झालं. दुसऱ्या एका प्रश्नाचं हाय, ते देतो.

सारिका, मी हिरवा पदर बघितला हुता. दारातनं जाताना, एवढाच. तोंड बघितलं न्हवतं.

सूनबाईचा हात थांबलाय. लिही म्हणालो तिला. सांगतोय तसंच लिही.