पाचव्याला मी गप्प

मला धम्म सापडला तो खिरीच्या पातेल्यात. लोकांना कायकाय होतं, कोणाला स्वप्न पडतं, कोणाला उजेड दिसतो. मला भूक लागली होती. चिंचपोकळीला आईच्या चाळीमागे बुद्धविहार आहे, तिथे पौर्णिमेला खीर वाटतात, पण वंदना झाल्याशिवाय मिळत नाय, म्हणून मी वंदनेला बसली. एवढीच माझी श्रद्धा.

तेव्हा मी कॉटन ग्रीनला राहत होती. म्हणजे गोडाऊनच्या भिंतीला लागून, फुटपाथवर. डिपॉझिट नाय, भाडं नाय, हवा तर इतकी की दार लावायचं टेन्शनच नाय. नवऱ्याने आधी मला खोकल्याच्या औषधाची बाटली शिकवली, मग रूम घालवली, मग स्वतः पण गेला, काम अर्धवट सोडणारा माणूसच नव्हता तो. बोलायचा, दारू थोडीच आहे, मेडिकलमध्ये मिळतं, औषध आहे. मी आठवी नापास, पण औषध म्हणजे चांगलं एवढं शाळेत शिकवलं होतं. तर मी इमानदारीत औषध घेत राहिली. खोकला मला कधी नव्हताच.

पोरगी माझी नुकती बसायला लागली होती. एका दुपारी आई तिथे आली, तर मी भिंतीला टेकून अर्धी झोपेत आणि पोरगी बाजूला माती खातेय. आईने तिला उचललं, पदराने तोंड पुसलं आणि मला बोलली, "ही माझ्याकडे राहील. शुद्धीत आलीस की न्यायला ये." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी पण दिल्या असत्या, भांडायला मला चांगलं येतं. पण ती निघून पण गेली आणि मला उठताच येईना.

म्हणून मग विहार. खिरीसाठी, असं मी सगळ्यांना सांगायची. आता आई तिथे पुढच्या रांगेत बसते आणि तिच्या मांडीवर कोण असणार, हे मला माहीत नव्हतं असं काय नाय.

सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत, कडक इस्त्रीच्या, आणि मधे मी मळक्या जांभळ्या ड्रेसमध्ये, जसं काय धुतलेल्या कपड्यांत पायपुसणं पडलंय. बाजूची बाई लांब सरकली. मला जागा द्यायला सरकली, असं मी धरलं.

पंचशील सुरू झालं. पाच वचनं, पालीमधली, आमच्यातली पोरं शाळेत जायच्या आधी पाठ करतात. जीव घेणार नाय, चोरी करणार नाय, वाकडं वागणार नाय, खोटं बोलणार नाय, आणि पाचवं, नशा करणार नाय. चार मी धडाधड बोलली. पाचव्याला तोंड बंद. बाटली तेव्हा ओढणीत बांधलेली होती, माझ्या पोटाला लागत होती. मला वाटलं, आता ही खाली पडेल, फुटेल आणि सगळ्या विहारात तो गोड वास सुटेल. पडली नाय. मी खीर खाल्ली, पोरीची पाठ बघितली आणि पळाली.

मग दर रविवारी जायला लागली. रविवारी खीर नसते, चहा-बिस्कीट असतं, म्हणजे माझी भक्ती वाढली म्हणायची. चार बोलायची, पाचव्याला गप्प. महिला मंडळाच्या एक मावशी आहेत, वंदना त्याच घेतात. एका रविवारी त्यांनी मधेच थांबवलं.

"काय गं, पाचव्याला तुझी बॅटरी उतरते काय?"

बायका हसल्या.

"म्हण. आम्ही थांबतो."

"नाय बोलता येणार."

"पाठ नाय?"

"पाठ आहे."

"मग? नाय बोलायचं तर येतेस कशाला, बिस्किटाला?"

मला इतकी भीती वाटली की दम लागला, चाळीचे चार जिने चढल्यासारखा. वाटलं, आता बाहेर काढतील, मग पोरीची पाठ पण नाय दिसणार. आणि तोंडातून निघून गेलं, "मावशी, आत्ताच बोलली ना मी चौथं, खोटं बोलणार नाय म्हणून. लगेच पाचवं बोलली तर चौथं मोडेल. एक मिनिट तरी टिकू द्या ना त्याला."

आता कोणी हसलं नाय. मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग बोलल्या, "बरं. चारच बोल. पण जरा मोठ्याने बोल, पुटपुटू नकोस."

आईने मागे वळून बघितलं नाय. चहाच्या वेळेला मात्र आली समोर, "चल."

"कुठे?"

"हॉस्पिटलात. पोरगी शेजारणीकडे राहील. पाचातलं एक कायम संपलेलं, रेशनचं दुकान आहेस काय तू?"

हॉस्पिटलचं काय सांगू, जाम मजा. औषध बंद केल्यावर मला खोकला सोडून सगळं झालं. हाडं दुखली, नाक गळलं, पोट गळलं, झोप तर माहेरी गेली. बाजूच्या बाईचे नवस चालायचे, बरी झाली की देवीला साडी, गणपतीला मोदक. आमच्यात ती पण सोय नाय. बुद्ध काय घेत नाय आणि काय कबूल पण करत नाय. कोणाशी सौदा करणार? मग मी ती चार बोलत बसायची, मोठ्याने, सिस्टर ओरडेपर्यंत. त्याने दुखायचं थांबलं असं नाय. पण बोलत होती तेवढा वेळ मी पळाली नाय. ह्याला श्रद्धा म्हणत असतील तर आहे माझी.

परत आली तर आईने गॅलरीत अंथरूण टाकून दिलं. पोरगी आत, मी बाहेर, मधे जाळीचा दरवाजा. मी काय वाद घातला नाय.

आणि मग एका रविवारी पाचवं बोलली. आधी ठरवलं नव्हतं, चौथं झालं आणि तोंड बंदच झालं नाय. आवाज फाटला. टाळ्या वगैरे काय नाय, मावशी पुढचं म्हणायला लागल्या, आई तशीच पाठ करून. बाहेर चपला घालताना तिने पोरीला माझ्या हातात दिलं. "धर. हात भरून आला माझा."

पोरगी माझ्याकडे बघून जे भोकाड पसरलं तिने! मी घाम गाळून नशा सोडली आणि हिला मी बागुलबुवा. आख्ख्या गल्लीतून ती आजीकडे हात करून ओरडतेय, लोक बघतायत, आणि माझ्या डोक्यात एकच, ही खाली पडली तर.

नाक्यावरची भाजीवाली उठून उभी राहिली. "ए बाय, कोणाचं पोर घेऊन चाललीस?"

"माझं आहे."

"मग एवढं रडतंय कशाला?"

मी नुसती तिला घट्ट धरून उभी. आई मागून चप्पल घासत आली.

"तिचीच आहे ती," आई बोलली. "कोथिंबीर कशी दिली?"